यंत्रापाशी बसणारा माणूस

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातील एका विद्वान ब्राह्मण घराण्यात जन्मलेला, संस्कृत काव्यशास्त्राचे रीतसर अध्ययन केलेला, आणि तरीही धोंडी शाहिराच्या फडाचा नाद लागल्यामुळे घरच्यांच्या रोषास पात्र होऊन डफ-तुणतुण्याच्या संगतीला गेलेला राम जोशी हा कवी आपल्या प्रतिभेच्या बळावर पुणे दरबारापर्यंत पोहोचला. त्याच्या लावण्या बाडांतून आणि गळ्यांतून पुढच्या पिढ्यांकडे आल्या, मग छापल्याही गेल्या. परंतु त्याचा आवाज कसा होता, तो कोणत्या पट्टीत गात असे, चौकाच्या अखेरीस लय किती चढवीत असे, याविषयीचा कोणताही पुरावा काळाने शिल्लक ठेवला नाही. सोलापूरच्या या शाहिराला आवाज मिळाला तो १९४७ साली, आणि तोही सोलापुरात नव्हे. मुंबईत परळच्या राजकमल कलामंदिरात ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट निघाला, ग. दि. माडगूळकरांनी शब्द दिले, वसंत देसाईंनी चाली दिल्या आणि जयराम शिलेदारांनी गळा दिला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच संस्थेने सोलापूरचेच सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चीनमधील सेवेवर बोलपट काढला होता. एका गावाच्या दोन सुपुत्रांची चरित्रे अशी लागोपाठ दोन वर्षांत दुसऱ्याच शहरात ध्वनिमुद्रित व्हावीत, यात त्या काळी कोणालाही काही विशेष वाटले नाही, कारण ध्वनिमुद्रणाचे यंत्र जेथे असेल तेथे कलावंताने जावे हा तोपर्यंतचा शिरस्ताच होता.

या शिरस्त्याचा इतिहास सांगताना आपण गायकाचे नाव घेतो, संगीतकाराचे घेतो, हौस असली तर वादकांचेही घेतो. यंत्रापाशी बसणारा माणूस मात्र या बखरीत क्वचितच येतो. तो तेथे कसा बसला, त्याला ते कसब कोणी शिकवले आणि यंत्राने घातलेल्या अटींपुढे त्याने गाण्याला कितपत वाकवले, हे प्रश्न आजही शिळे झालेले नाहीत. आज सोलापूरच्या पेठांतून एखादा तरुण दहा बाय दहाच्या खोलीत संगणक मांडून ‘कोणते सॉफ्टवेअर घेऊ?’ असे विचारतो, तेव्हा तो एका शतकाहून जुन्या प्रश्नाचीच नवी आवृत्ती विचारत असतो.

१९०२ च्या अखेरीस लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि तेथील एका हॉटेलातील खोलीत त्याने गौहरजान या प्रख्यात गायिकेचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतले. विजेचा त्यात काहीही संबंध नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि तिच्याखाली फिरणारे मेण, एवढाच सगळा सरंजाम होता. म्हणजे आवाजाच्या स्वतःच्या जोरावरच मेणात खाच पडावयाची होती. त्यामुळे गायिकेला तोंड कर्ण्यात जवळजवळ खुपसावे लागे, तार सप्तकातील जोरकस तान येताच तिला मागे ओढावे लागे, नाहीतर सुई उडून तबकडी वाया जाई. सारंगी आणि पेटी कर्ण्याजवळ आणाव्या लागत, आणि तंबोऱ्याचा नाजूक झंकार तर त्या मेणाला ऐकूच येत नसे. त्यातही दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. ज्या रागाची नुसती आलापी अर्धा तास चालावयाची त्याने तीन मिनिटांत उभे राहावे, विस्तारावे आणि संपावे, हा हुकूम कोणा समीक्षकाने काढलेला नव्हता, तो मेणाने काढलेला होता.

या हुकमापुढे कोणी कसे वागावे हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून राहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी अगदी आरंभीच्या काळातच ध्वनिमुद्रणास मान्यता दिली, आणि म्हणूनच त्यांचा तो करुण, धारदार स्वर आजही आपल्या कानांवर पडतो. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांचे गाणे मात्र ज्यांनी ऐकले त्यांच्याबरोबरच गेले. त्यांची एकही तबकडी आपल्यापाशी नाही. कोणी शहाणपणा केला आणि कोणी हेका धरला, याचा निवाडा करण्याचा अधिकार मी घेत नाही. एवढे मात्र खरे, की ज्यांनी यंत्राची अट मान्य केली त्यांच्या गायकीविषयी आपली मते तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांवरून बनली आहेत, आणि ज्यांनी ती नाकारली त्यांच्याविषयी केवळ आख्यायिकांवरून.

मेणाच्या त्या तबकड्या जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तेथील कारखान्यात त्यांवरून साचे करून विक्रीच्या तबकड्या ठोकल्या जात. ज्या लाखेपासून त्या बनत ती लाख बहुतांशी आपल्याच अरण्यांतून गेलेली असे, ही गोष्ट आपल्या आर्थिक इतिहासाच्या इतर अनेक प्रकरणांशी इतकी जुळणारी आहे की तिचे निराळे भाष्य करण्याची गरज नाही. हॅनोव्हरच्या कामगारांना हिंदुस्थानी भाषा कळत नसल्यामुळे कोणती तबकडी कोणाची हे ओळखता यावे म्हणून गाणे संपताच गायिकेने इंग्रजीत आपले नाव पुकारावे, अशी युक्ती योजलेली होती, आणि गौहरजानच्या तबकडीच्या अखेरीस ऐकू येणारी ती सुप्रसिद्ध आरोळी ही मुळात अशी मालावर मारलेली खूणचिठ्ठी होती. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला, तेव्हा हा लांबचा हेलपाटा थांबला. कसबाची कुलपे मात्र उघडली नाहीत. कंपनीचे फिरते मुद्रक आपले यंत्र आडपडद्यामागे ठेवीत, फक्त कर्ण्याचे तोंड बाहेर काढीत आणि सुईच्या डबीची घडण कोणास दिसू देत नसत. हिंदुस्थानी माणसाने गावे, वाजवावे, सामान उचलावे. पडद्यामागे काय चालते हे त्याने विचारू नये, असा तो मामला होता.

पडद्यामागचे दार महाराष्ट्रात ज्यांनी उघडले त्यांत विष्णुपंत दामल्यांचे नाव मी सर्वांआधी घेईन. पेणला जन्मलेला हा माणूस कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या हाताखाली चित्रे रंगवू लागला, मग परदेशी कॅमेरा मिळत नाही म्हणून पेंटरांबरोबर कॅमेराच घडवू लागला, आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या पाच संस्थापकांपैकी एक झाला. १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईत ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मुक्या चित्रपटांचा धंदा एकाएकी जुनापुराणा ठरला, तेव्हा प्रभातपुढे दोनच मार्ग होते: परक्या तज्ज्ञाच्या हाती ध्वनीचा कारभार सोपवावा, किंवा स्वतः शिकावे. दामल्यांनी दुसरा मार्ग धरला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून प्रभातच्या ध्वनीची धुरा त्यांनी वाहिली, आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’सारख्या कृतीत, जिचे दिग्दर्शन त्यांनी फत्तेलालांसह केले, तो अभंगाचा साधा, निकटचा स्वर जो आपल्याला आजही खराखुरा वाटतो त्यात या स्वशिक्षित कारागिराचा मोठा वाटा आहे.

ते शिक्षण किती कष्टाचे होते याची कल्पना आजच्या माणसास सहसा येणार नाही. त्या काळी ध्वनीचे रूपांतर प्रकाशात करून तो फिल्मच्या कडेला छायाचित्राप्रमाणे उमटवला जाई. म्हणजे मुद्रण झाल्याबरोबर ते ऐकून पाहण्याची सोयच नव्हती. फिल्म धुवावयाची, वाळवावयाची, तिची प्रत काढावयाची, आणि मग कळावयाचे की कालच्या गाण्यात तबला फुटला आहे अथवा दुसऱ्या कडव्यात पार्श्वभूमीला पंख्याची घरघर आली आहे. दोष आढळला तर सर्वांना पुन्हा बोलावून सगळे गाणे आरंभापासून. तुकडे जोडण्याची मुभा नाही, एकाचा आवाज वर आणि दुसऱ्याचा खाली असे मागाहून करण्याची सोय नाही. गायक, सारा वाद्यमेळ आणि खोलीची घुमक हे सगळे मिळून जे काही एका क्षणी ध्वनिग्राहकात शिरेल तेच अंतिम. म्हणून वादकांना कोठे बसवावे, सारंगीने भिंतीकडे तोंड करावे की गायकाकडे, ढोलकी किती हात दूर ठेवावी, हा सगळा हिशेब मुद्रणापूर्वी डोक्यात आणि कानात मांडावा लागे. आज ज्याला ‘मिक्सिंग’ म्हणतात ते दामल्यांच्या पिढीने माणसे इकडून तिकडे हलवून केले. राजकमलमध्ये पुढे नावारूपाला आलेले ध्वनिमुद्रक मंगेश देसाई यांच्या हातून सत्यजित राय यांच्यासारख्या चोखंदळ दिग्दर्शकानेही आपल्या चित्रपटांचे ध्वनिमिश्रण करून घेतले, ते या परंपरेचे फळ होते.

तबकड्यांच्या व्यवसायातही माणसे अशीच आडवाटेने आली. मूळचे खामगावचे आणि पेशाने वकील असलेले ग. ना. जोशी, ज्यांच्या भावगीतांनी एका पिढीला वेड लावले, ते १९३८ साली एच. एम. व्ही.च्या नोकरीत शिरले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ हिंदुस्थानी संगीतातील थोरामोठ्यांना ध्वनिग्राहकासमोर आणून बसवण्याचे नाजूक काम त्यांनी केले. त्यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आत्मकथन वाचताना असे जाणवते की विजेच्या बटणांपेक्षा गवयांच्या लहरींचे ज्ञान हेच या पेशाचे खरे भांडवल होते. जो गवई उशिरा येईल, रुसेल, मध्येच उठून जाईल, त्याच्याकडून गाणे काढून घेण्याचे शास्त्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते, आणि अजूनही नाही.

या सर्व काळात सोलापूर काय करीत होते, असा प्रश्न वाचक विचारील. सोलापूर ऐकत होते. १८७७ साली निघालेल्या जुन्या गिरणीपासून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्यांनी येथे जो कामगारवर्ग गोळा केला त्यात मराठी होते, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर होते, कानडी बोलणारे लिंगायत होते, उर्दू बोलणारे मुसलमान होते. आणि नाटक मंडळ्यांचे मुक्काम, तमाशाचे फड, सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ आणि मोहरमचे ताबूत यांच्या निमित्ताने या चारही भाषांचे गाणे-बजावणे गावात अखंड चाललेले असे. नाट्यगीतांच्या तबकड्या येथे मोठ्या प्रमाणावर खपत. परंतु सोलापूरचे स्वतःचे जे आवाज होते त्यांना मुद्रणाच्या दाराशी पोहोचण्यासाठी गाव सोडावे लागे. बार्शीचे अमर शेख, ज्यांचा खडा पहाडी आवाज गिरणगावच्या सभांतून आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानांतून घुमला, ते मुंबईस गेले. सोलापुरात जन्मलेल्या फैयाज यांचा स्वर महाराष्ट्राने ओळखला तो १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील झरीनेच्या भूमिकेतून. दोघांच्याही बाबतीत गाव हे जन्मस्थान ठरले आणि मुद्रणस्थान दुसरेच कोणते तरी.

आकाशवाणीने ही स्थिती काहीशी पालटली. १९५३ साली पुणे केंद्र आले, त्याने दोनच वर्षांत गीतरामायणाच्या रूपाने घराघरांत ध्वनिक्षेपणाची थोरवी पटवून दिली, आणि पुढे सोलापुरासही स्वतःचे केंद्र मिळाले. परंतु तेथेही दारावर एक पहारेकरी होता. १९५० च्या दशकात बाळकृष्ण केसकर मंत्री असताना रूढ झालेली कलावंतांच्या श्रवण-परीक्षेची पद्धत ही शास्त्रीय गायकांचा दर्जा राखण्यास उपयोगी पडली असेल, नव्हे पडलीच. पण हलगी बडवणाऱ्याला किंवा भारूड सांगणाऱ्याला परीक्षकांच्या मंडळासमोर उभे करणे हा प्रकार मला नेहमीच किंचित विनोदी वाटत आला आहे.

खरी उलथापालथ केली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली ही प्लॅस्टिकची डबी आपल्याकडे आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून आली, १९८० च्या सुमारास आयातीचे निर्बंध सैल होताच तिचे पेव फुटले, आणि तबकड्यांचा जो मक्ता एका कंपनीकडे अनेक दशके होता तो काही वर्षांत मोडून पडला. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली या घडामोडीवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. तबकडी काढण्यास कारखाना लागत असे. कॅसेट काढण्यास दोन डेक आणि थोडे भांडवल पुरत असे. त्यामुळे ज्या गाण्यांकडे बड्या कंपन्यांनी ढुंकूनही पाहिले नव्हते, ती भीमगीते, खंडोबाची आणि यल्लम्माची गाणी, विठ्ठलाची लोकचालीतली भक्तिगीते, कव्वालीचे सामने, ही सारी दुकानांच्या फळ्यांवर एकदम दिसू लागली. मंगळवेढ्याशी ज्या घराण्याचे नाते आहे त्या प्रल्हाद शिंद्यांचा आवाज पंढरीच्या वाटेवरील प्रत्येक चहाच्या टपरीवर वाजू लागला, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने तर लग्नाच्या वरातींत असा काही धुमाकूळ घातला की सुशिक्षित घरांतून त्याविषयी नाक मुरडणे हा एक संस्कारच होऊन बसला. नाक मुरडणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही: हा आवाज मैदानी होता, आणि प्रथमच कोणी तरी तो बंदिस्त खोलीच्या शिष्टाचारात न कोंबता जसाच्या तसा विकत होते.

संगणकाने पुढची पायरी ओलांडली, आणि येथे पुन्हा जर्मनी येते. हॅनोव्हरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या हॅम्बुर्ग शहरातील स्टाइनबर्ग या संस्थेने १९८९ मध्ये क्युबेस नावाची आज्ञावली काढली, अमेरिकेतील डिजिडिझाइनचे प्रो टूल्स १९९१ चे, स्टाइनबर्गचेच न्युएंडो २००० चे, ज्याने मुंबईच्या स्टुडिओंत पुढे मोठे बस्तान बसवले, त्याच वर्षी फुकट मिळणारे ऑडॅसिटी आले, बेल्जियमचे एफ.एल. स्टुडिओ त्याआधीच आलेले होते; आणि २००६ मध्ये रीपर आले, ज्याचा खाजगी वापराचा परवाना ६० डॉलरना मिळतो. पूर्वी एका इमारतीत मावणारा सरंजाम एका मेजावर आला. एका सेकंदात ध्वनीचे ४४,१०० नमुने घ्यावयाचे, प्रत्येक नमुन्याची उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवावयाची आणि हे आकडे साठवावयाचे, एवढ्या साध्या तत्त्वावर हा सारा डोलारा उभा आहे. आणि ते तत्त्व वर सांगितलेल्या सर्व आज्ञावल्यांत एकच असल्यामुळे, अमक्या सॉफ्टवेअरचा ‘आवाज’ तमक्याहून गोड असतो या समजुतीत फारसा अर्थ नाही. दुकानदार आणि उत्साही मित्र काहीही सांगोत.

मग निवडीत काही फरकच पडत नाही काय? पडतो, आणि तो तसाच पडतो जसा मेणाच्या तबकडीने पडला होता. यांपैकी बहुतेक आज्ञावल्या उघडल्या की पडद्यावर उभ्या रेघांचे एक जाळे दिसते आणि कोपऱ्यात दोन गोष्टी आधीच लिहिलेल्या असतात: चारचा ठेका, आणि मिनिटाला १२० मात्रा. हे कोणी सक्तीने लादलेले नाही, क्षणात बदलता येते. तथापि नवशिक्या ते बदलत नाही, कारण ते बदलावयाचे असते हेच त्याला ठाऊक नसते. मोडनिंबच्या संगीतबारीत जी लावणी संथ लयीत बसून सुरू होते आणि ढोलकीच्या तोड्यागणिक चढत जाऊन अखेरीस उभी राहते तिला या जाळ्यात बसवले की तिचा प्राणच जातो. वादक ठोक्याच्या टिकटिकीकडे कान लावून वाजवतो, आणि गायिकेने शब्द रेंगाळवला की तो चुकला असे पडद्यावर दिसते. १९९७ मध्ये आलेल्या ऑटो-ट्यूनचेही तसेच. भूगर्भातील तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे गणित मांडणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड या तज्ज्ञाने ते गणित गळ्याकडे वळवले. बेसूर गायकाला ते सावरते हे खरे, पण बारा सुरांच्या पाश्चात्त्य जिन्यावर ते स्वराला बसवते आणि मींडेचा, आंदोलित गंधाराचा, अथवा वारकऱ्याच्या हाळीतील अर्धवट चढलेल्या निषादाचा दोष समजून निकाल लावते. तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना विचारावयाचा प्रश्न असा आहे की ते जाळे किती सहज पुसता येते, आणि वादकाने जशी लय घेतली तशी लयीची रेघ मागाहून आखता येते की नाही. रीपर, क्युबेस व प्रो टूल्स यांत हे नीट करता येते. एफ.एल. स्टुडिओ मुळात ठेक्याचे तुकडे रचून गाणे बांधण्यासाठी जन्मले आहे. मिरवणुकीच्या नृत्यगीतांना ते उत्तम, लावणीच्या थेट मुद्रणाला कमी सोयीचे.

याउपर मी एकच व्यावहारिक सल्ला देईन, आणि तो तांत्रिक नाही: शेजारच्या पेठेतील जाणता माणूस जे वापरतो तेच घ्यावे. सोलापूरच्या गिरण्यांत साच्यावर काम करण्यास कोणी पुस्तक वाचून शिकले नाही. पोरगा बदली म्हणून येई, जॉबरच्या हाताखाली धागे जोडी, शिव्या खाई, आणि एके दिवशी त्याला नुसत्या आवाजावरून कळे की कोणता माग बिघडणार आहे. पुढे पुण्यास हललेल्या प्रभातच्याच जागेवर १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली आणि ध्वनिमुद्रण हा तेथे पदविकेचा विषय झाला. तेथून बाहेर पडलेल्या रसूल पुकुट्टी यांनी २००९ साली ऑस्करही आणले. परंतु त्या संस्थेच्या जागा मूठभर, मुंबई-पुण्याच्या खाजगी वर्गांचे शुल्क विणकराच्या घरास न पेलणारे, आणि सोलापूरचा विद्यार्थी आज जे शिकतो ते बव्हंशी मोबाइलवरील चित्रफिती पाहून. त्या चित्रफितींत गिटार आणि पाश्चात्त्य ड्रम असतात. शेकोटीवर तापवलेल्या हलगीचा पहिला ठोका ध्वनिग्राहकाला कसा फोडतो, तिला किती हात दूर आणि किती तिरकी धरावी, संबळाच्या दोन तोंडांसाठी एक माइक पुरतो की दोन लागतात, हे त्यांत कोणी सांगत नाही. ते जाणत्याच्या शेजारी बसूनच कळते.

खोलीची गोष्ट त्याहून बिकट आहे. सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग नसेल अशी गल्ली मिळणे भाग्याचे; म्हणून मुद्रण रात्री, माग थांबल्यावर. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो, तेव्हा गायक घामाने निथळत गातो आणि तबल्याची शाई व कातडे दर अर्ध्या तासाने आपला सूर सोडतात. घुमक मारण्यासाठी भिंतींवर चादरी लावण्याची युक्ती येथे आपसूकच सुचते. ज्या गावाने चादरीवर नाव कमावले त्या गावात चादरींची वाण कशी असेल! आणि ही युक्ती अर्धी बरोबरही आहे. जाड विणीची चादर झांजांचा आणि टाळ्यांचा तीक्ष्ण प्रतिध्वनी शोषून घेते, भिंतीपासून वीतभर सोडून टांगली तर अधिकच. परंतु १०० हर्ट्झच्या खर्जाच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते, आणि तिला अडवण्यास भिंतीपासून तिच्या चतुर्थांशाइतके, म्हणजे ८५ सेंटिमीटरांच्या आसपासचे अंतर लागते. तेवढे अंतर सोडले तर दहा फुटी खोलीत गायकाने उभे कोठे राहावयाचे? शिवाय दहा फूट लांबी-रुंदीच्या चौरस खोलीत ५६ आणि ११२ हर्ट्झच्या आसपासचे सूर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी फुगतात. म्हणून ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा मुद्रकाला उगीचच मोठा ऐकू येतो, तो यंत्रावर त्याला कापतो, आणि तेच गाणे बाहेर मिरवणुकीत वाजले की पोकळ वाटते. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. उपाय असा की कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या कराव्या, शक्य तर चौरस खोली टाळावी, आणि केलेले काम दुसऱ्याच्या घरी, रिक्षात, स्वस्तातल्या मोबाइलवर असे तीन ठिकाणी ऐकून मगच पुरे म्हणावे.

तक्रारींची आणखी एक जात आहे: कानावर उशिरा येणारा आवाज. संगणक नमुन्यांचे गठ्ठे करून काम करतो. २५६ नमुन्यांचा गठ्ठा धरला तर जाताना सुमारे सहा सहस्रांश सेकंद लागतात, परततानाही तेवढेच, आणि थोडी भर यंत्राची. सहा सहस्रांश सेकंदांत आवाज हवेतून दोन मीटर जातो. म्हणजे गायकाला आपला साथीदार चार-पाच मीटर दूर बसल्याचा भास होतो. रंगमंचावर हे अंतर नित्याचेच आहे. तरीही नवखे गायक बिचकतात, आणि मुद्रक गठ्ठा लहान करीत नेतो, तोपर्यंत की जुना संगणक तडतडू लागतो. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेल्या असिओ या संकेताने हा विलंब बराच आटोक्यात आणला. तो चालू आहे की नाही एवढे पाहिले तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

तबकडीच्या चिठ्ठीवर गायिकेचे नाव असे. मुद्रकाचे कधीच नसे. कॅसेटच्या वेष्टनावर त्याला अगदी बारीक टाइपात, किंमत आणि हक्कांच्या इशाऱ्याच्या मध्ये, जागा मिळू लागली. आजच्या सोलापुरात मिरवणुकीसाठी जी गाणी नव्याने बांधली जातात, मग ती जयंतीची असोत, गणपतीची असोत किंवा मार्कंडेय रथाची असोत, त्यांत दुसरे कडवे संपता संपता गाणे क्षणभर दबते आणि मिश्रण करणाऱ्याचे नाव, गावासह, घुमवलेल्या आवाजात पुकारले जाते. कधी एकदा, कधी चार वेळा, आणि कधी ऐन समेवर. रसिकांना हा उद्दामपणा वाटतो, आणि समेवर नाव घेणे हा उद्दामपणाच आहे. त्या मुलाला कोणी तरी सम दाखवून द्यावयास हवी. पण नाव घेऊ नये असे मी म्हणणार नाही. हॅनोव्हरच्या कारखान्यासाठी गायिकेकडून नाव पुकारून घेणारे मुद्रक स्वतः आडपडद्यामागेच राहिले; सव्वाशे वर्षांनी त्या जागी बसलेला पूर्व भागातील विणकराचा मुलगा पडदा न लावता, आपल्या पेठेच्या नावासकट, पुढे आला आहे.